सुताराचा होकार

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की ज्या बंदरात ती घडली त्या बंदराचं नावही आज कुणाला सांगता येणार नाही.

समुद्राकाठच्या एका गावातून एक मोठं गलबत व्यापारासाठी दूरदेशी निघालं. गलबतावर एकतीस माणसं होती, सगळी त्याच गावची. गलबताचा जो मालक, तोच ते हाकायचा. त्याला सगळे नाखवा म्हणत. गलबताची फळीन्‌फळी ज्याच्या हाताखालून गेली होती, त्या सुताराला सगळे मेस्त्री म्हणत. ही गोष्ट त्या मेस्त्रीची आहे.

दोन महिने समुद्र कापून गलबत त्या परक्या बंदराला लागलं. नेलेला माल उतरला, नवा माल भरला. आता परतीचा वारा सुटला की निघायचं, एवढंच बाकी होतं. दर वर्षी टेकडीवरचं गवत पिवळं पडलं की तो वारा सुटे. त्या वर्षी गवत पिवळं पडलं, वाळलं, उडूनही गेलं. पण वारा काही सुटला नाही.

मग बंदरातले दिवस सुरू झाले. सकाळी चौघांनी टेकडीखालच्या विहिरीवर जायचं आणि पाण्याच्या पखाली भरून आणायच्या. दोघांनी बाजारातून मासळी आणायची. बाकीच्यांनी शिडं उलगडून वाळवायची, उंदरांनी कुरतडलेल्या जागी ठिगळं लावायची आणि पुन्हा गुंडाळून ठेवायची. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

गलबतावर स्वयंपाक करणारा एक म्हातारा होता. त्याला सगळे आबा म्हणत.

"आबा, आज काय रांधलंय?" कुणीतरी विचारायचं.

"कालचंच," आबा म्हणायचा. पहिल्या महिन्यात यावर सगळे हसत. तिसऱ्या महिन्यात कुणी हसेना. चौथ्या महिन्यात कुणी विचारेनासं झालं.

पाचव्या महिन्यात तापाची साथ आली. दोन खलाशी गेले. बाजारापलीकडच्या माळावर त्यांना अग्नी दिला आणि सगळे परत आले. त्यानंतर एका खलाशानं गाठोडं बांधलं आणि तो किनाऱ्याच्या वाटेनं चालू लागला. "कुठे निघालास?" विचारलं तर म्हणाला, "घरी. चालत जातो." मध्ये अख्खा समुद्र आहे, हे त्याला समजावून सांगावं लागलं. दोघांनी हाताला धरून त्याला परत आणलं. त्या दिवसापासून तो डोलकाठीला पाठ लावून बसून राही. भरवलं तर जेवी, नाहीतर नाही.

मेस्त्री हे सगळं पाहत होता. त्याच्याही घरी बायको होती, दोन मुलं होती. धाकटीचा चेहरा आता त्याला नीट आठवत नव्हता, आणि हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

दर आठ दिवसांनी मेस्त्री पाण्यात बुडी मारून सुकाणू तपासायचा. एका सकाळी तो असाच खाली गेला. सुकाणू ठीक होतं. वर येता येता त्यानं सहज तळाच्या फळीवर हातोडी मारली. आवाज पोकळ आला. त्यानं कमरेची सुरी काढून फळीत खुपसली. सुरी मुठीपर्यंत आत गेली.

तो दुसऱ्या फळीकडे गेला. तीही तशीच. तिसरीही तशीच. बंदरातल्या कोमट, साचलेल्या पाण्यात लाकूड खाणारी कीड असते. एरवी मुक्काम लांबला की गलबत रिकामं करत, मोठ्या भरतीला किनाऱ्यावर ओढून घेत आणि तळाला चुना-चरबी फासत. पण या खेपेला वारा आज सुटेल, उद्या सुटेल, असं म्हणता म्हणता भरलेलं गलबत पाच महिने पाण्यातच उभं राहिलं होतं. बाहेरून काही दिसत नव्हतं. आतून तळाची पार चाळण झाली होती.

मेस्त्री वर आला आणि गलबताच्या कडेला धरून कितीतरी वेळ पाण्यातच राहिला. त्याला सगळं एकदम दिसलं. माल उतरवायचा, गलबत ओढायचं, सगळा तळ नवा घालायचा. इथे तसलं लाकूड मिळत नाही, ते दुसरीकडून आणायचं. तेवढ्यात परतीचा वारा सुटणार आणि निघूनही जाणार. म्हणजे याच बंदरात आणखी एक वर्ष.

तो ओल्या अंगानंच नाखव्याकडे गेला. मनात होतं ते जिभेवर आलं. पण जिभेवर येता येता ते लहान झालं.

"नाखवा," तो म्हणाला, "तळाला थोडी कीड लागलीय असं वाटतं."

"थोडी ना?" नाखव्यानं मानही वर केली नाही. "मग घरी पोचल्यावर बघू."

"बरं," मेस्त्री म्हणाला.

त्या दिवसापासून तो गलबताच्या पोटात उतरून बसू लागला. तेलात भिजवलेला कापूस फटींमध्ये ठोकू लागला. मी सांगितलं आहे, तो स्वतःला बजावायचा. आता माझ्यावर काही नाही.

आबा त्याच्यासमोर ताट ठेवायचा आणि ते तसंच उचलून न्यायचा.

"मेस्त्री, तू जेवत का नाहीस रे?"

"घर आठवतंय आबा."

"आठवू दे," आबा म्हणाला. "पण जेव." आणि त्यानं आपल्या वाटणीची मासळी त्याच्या ताटात टाकली.

बाराव्या दिवशी वारा सुटला.

आधी निशाण हललं, मग दोर वाजू लागले. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. डोलकाठीला पाठ लावून बसलेला तो खलाशी आपणहून उठला आणि नांगराच्या दोराशी जाऊन उभा राहिला. किती दिवसांनी त्याच्या तोंडून शब्द फुटला, "चला."

निघण्याआधी नाखव्यानं सगळ्यांना गोळा केलं. तो काही वाईट माणूस नव्हता. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मेस्त्री, तळ तू पाहिलेला आहेस. तुझ्या शब्दावर नांगर उचलतो. गलबत घरी पोचवेल ना?"

सगळे मेस्त्रीकडे बघू लागले. त्या डोळ्यांत पाच महिन्यांनंतर पहिल्यांदाच काहीतरी हलत होतं. 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? पण तो शब्द ऐकल्यावर हे चेहरे कसे होतील, ते मेस्त्रीला बघवणार नव्हतं. आणि त्यालाही घरी जायचं होतं.

"पोचवेल," तो म्हणाला.

नवव्या दिवशी भर दुपारी गलबत बुडालं. वादळ आलं नव्हतं. नेहमीसारखी एक मोठी लाट आली आणि तळाच्या फळ्या भिजलेल्या भाकरीसारख्या सुटल्या. बरोबरच्या लहान होडीत सात जण कसेबसे चढले. नाखवा त्यात होता, मेस्त्रीही होता. बाकीचे पाण्यात राहिले.

आबा पोहत होडीपर्यंत आला. त्यानं होडीची कड धरली. होडी कलली आणि पाणी आत आलं. आबानं एकदा होडीतल्या सगळ्यांकडे पाहिलं. मग त्यानं हात सोडला.

होडी लाटांवर दूर वाहत गेली. शेवटी नाखवा म्हणाला, "मेस्त्री, मी तुला विचारलं होतं. सगळ्यांसमोर विचारलं होतं."

मेस्त्रीला म्हणायचं होतं की मीही तुम्हाला सांगितलं होतं. पण आपण काय सांगितलं होतं, ते त्याला शब्द न् शब्द आठवलं, आणि तो ओंजळीनं होडीतलं पाणी बाहेर टाकू लागला.

चौथ्या दिवशी एका परक्या जहाजानं त्यांना उचललं. काही महिन्यांनी सातही जण गावी पोचले. अख्खं गाव किनाऱ्यावर आलं होतं. चोवीस घरांतली माणसं प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. नाखवा एवढंच बोलला, "समुद्रानं नेलं." मेस्त्रीचं नाव त्यानं घेतलं नाही.

मेस्त्रीची मुलं धावत येऊन त्याच्या पायांना बिलगली. तेवढ्यात एक म्हातारी बाई पुढे आली. ती आबाची बायको होती.

"बाबा, तू तर गलबताचा मेस्त्री," ती म्हणाली. "मला सांग, एवढं मोठं गलबत बुडालं तरी कशानं?"

मेस्त्रीला गप्प राहता आलं असतं. पण आता त्याच्यानं राहवेना.

"तळ किडीनं खाल्ला होता," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं. निघायच्या आधीपासून ठाऊक होतं. मी बोललो नाही."

त्याला वाटलं, ती आता ओरडेल, तळतळाट करेल, निदान तोंडात मारेल. त्यानं मान पुढे केली. पण म्हातारीनं पदरानं डोळे पुसले आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"मग आता कशाला सांगतोस?"

एवढं बोलून ती वळली आणि घराकडे चालू लागली.

त्यानंतर मेस्त्री पुष्कळ वर्षं जगला. गावानं त्याला वाळीत टाकलं नाही, कुणी वाकडा शब्दही बोललं नाही. फक्त नवं गलबत बांधायचं झालं की लोक त्याच्या दारावरून पुढे जात आणि दुसऱ्या गावचा सुतार आणत. आणि तो दारात बसून त्यांना जाताना बघत राही.

बाळांनो, आणि मोठ्या माणसांनो, या गोष्टीचं सांगणं एवढंच आहे: जे खरं ठाऊक आहे ते वेळेवर आणि पुरतं सांगावं, वेळ निघून गेल्यावर सांगितलेलं खरं कुणालाच वाचवत नाही.