सहा दुकानं आणि शेवटचं पान

कोरेगव्हाण नावाच्या गावात एक गिरणीवाली राहत होती आणि ती कादंबऱ्या लिहीत असे. गिरणीवालीनं कादंबऱ्या लिहू नयेत असं कुठल्याही शास्त्रात सांगितलेलं नाही, पण गावाला ते पटायला बराच काळ लागला. तिचं नाव द्वारका ठोंबरे. दुपारी दळणं ओसरली की ती अंगावरचं पीठ झटकायची, गिरणीमागच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरसमोर बसायची आणि लिहायची. तिच्या नायिकेचं नाव रखमा. रखमा एका खेड्याची पोलीस पाटील होती. गावातल्या चोऱ्या आणि लबाड्या ती उजेडात आणायची.

द्वारकेनं पहिला भाग चार प्रकाशकांकडे पाठवला. दोघांनी उत्तरच दिलं नाही. तिसऱ्यानं "सध्या कादंबऱ्या घेत नाही" असं कळवलं. चौथ्यानं तोंडभरून कौतुक केलं आणि छपाईचा खर्च तुम्हीच करा म्हणून सांगितलं. तेव्हा द्वारकेनं ठरवलं, आपणच करायचं तर सगळंच आपण करू. मुखपृष्ठ कसं काढायचं, ई-पुस्तकाची फाइल कशी बांधायची, दुकानात ती कशी चढवायची, हे सगळं ती व्हिडिओ बघून शिकली. दहा वेळा चुकली, अकराव्यांदा जमलं. या बाईचं पहिलं कौतुक मला इथेच करावंसं वाटतं.

इंटरनेटवर पुस्तकांची एक भलीमोठी बाजारपेठ होती. सगळे तिला 'मोठा बाजार' म्हणत. शिवाय पाच लहान दुकानं होती. एकेक खोलीतून, एकदोन माणसांनी चालवलेली. द्वारकेनं रखमाचे दोन भाग सहाही ठिकाणी ठेवले. मोठ्या बाजारात ते हळूहळू खपू लागले. लहान दुकानांत मात्र शुकशुकाट. पहिला भाग कुणीतरी घ्यायचं, पण दुसऱ्याला कुणी हात लावायचं नाही. सहा महिन्यांत पाचही दुकानांत मिळून दुसऱ्या भागाच्या दोन प्रती गेल्या आणि त्यातली एक तिच्या दिरानं घेतली होती.

"ती काय दुकानं आहेत? नुसत्या टपऱ्या!" ती नवऱ्याला म्हणाली.

दामोदरनं मान डोलावली. बायकोच्या पुस्तकांबद्दल आपलं मत नसलेलं बरं, हे तो अनुभवानं शिकला होता.

एके दिवशी मिरजेहून फोन आला. "द्वारकाताई, मी नसीर मणेर. 'पानसुपारी' हे पुस्तकांचं दुकान माझंच."

"बोला."

"तुमचा पहिला भाग आमच्याकडं लोक शेवटपर्यंत वाचतात. मग दुसरा घेत नाहीत. कशामुळं, ठाऊक आहे?"

"तुमच्या दुकानाला गिऱ्हाईक नाही, म्हणून," द्वारका फटकन म्हणाली.

नसीर हसला. "तसंही असेल. पण एकदा शेवटचं पान उघडून बघा की."

"मीच लिहिलंय ते."

"गोष्ट संपल्यानंतरचं पान, ताई."

द्वारकेनं ते पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं, 'रखमाचा दुसरा भाग वाचण्यासाठी इथे दाबा.' तिनं दाबलं. समोर मोठ्या बाजाराचं दार उघडलं.

तिनं एकच फाइल बनवली होती आणि तीच सहाही दुकानांत चढवली होती. पानसुपारीतला वाचक रखमाच्या नादानं ते पान दाबायचा आणि भलत्याच बाजारात जाऊन पडायचा. तिथे त्याचं खातं नसायचं. थोडा वेळ घुटमळून तो कंटाळायचा आणि पुस्तक विसरून जायचा. म्हणजे लहान दुकानांत येणाऱ्या प्रत्येक माणसाला द्वारकाच हाताला धरून बाहेर काढत होती आणि वर दुकानांनाच नावं ठेवत होती. ही चूक आपलं पुस्तक आपणच काढणाऱ्यानं करायची चूक आहे. प्रकाशक असला की निदान त्याच्यावर खापर फोडता येतं.

चूक दाखवणाऱ्याचाच आपल्याला आधी राग येतो. द्वारकेचंही तसंच झालं. "कळलं," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला आणि दोन दिवस काहीच केलं नाही.

तिसऱ्या दिवशी एकादशीच्या तयारीसाठी एक बाई किलोभर वरई घेऊन गिरणीत आली. "आधी गहू होता का गं?" तिनं विचारलं.

"होता. थांबा, दगड झाडून देते."

द्वारकेनं गिरणी उघडली, दगड कुंच्यानं झाडला, फडक्यानं पुसला, वरईची पहिली मूठ दळून बाजूला काढली आणि मगच पीठ डब्यात सोडलं. किलोभर वरईसाठी हे सगळं. पण तिच्या गिरणीमुळे कोरेगव्हाणात आजवर कुणाचा उपवास मोडला नव्हता आणि याचा तिला अभिमान होता. कुणाला भाकरीचं पीठ बारीक लागतं, कुणाला थालीपिठाची भाजणी जाडसर लागते, हे तिला डबा बघून कळायचं. त्या दिवशी हातात कुंचा असतानाच ती थबकली. इथे घरागणिक वेगळं दळण देणारी आपण, तिकडे सहाही डबे एकाच पिठानं भरून मोकळ्या झालो! तिला स्वतःची लाज वाटली.

दुपारी तिनं नसीरला फोन लावला. "चूक माझी होती. तुमच्या दुकानाला टपरी म्हणाले, तीही चूकच."

"टपरी कधी म्हणालात?"

"घरात म्हणाले होते."

नसीर इतका हसला की त्याला ठसका लागला.

मग द्वारका कामाला लागली. सहा दुकानांसाठी तिनं सहा फाइली बांधल्या. प्रत्येक फाइलचं शेवटचं पान त्याच दुकानातल्या दुसऱ्या भागाकडे नेणारं. तिनं पाचही दुकानदारांना पत्रं लिहिली, त्यांची नावं पाठ केली, त्यांना काय हवं ते विचारलं. एक दुकान परदेशातल्या मराठी माणसांसाठी होतं. तिथे परदेशातल्या किमतीचा रकाना द्वारकेनं रिकामाच सोडला होता, त्यामुळे पुस्तक दुकानात असूनही तिथल्या कुणालाच दिसत नव्हतं. तो रकाना तिनं भरला. 'कानगोष्ट' नावाच्या दुकानातली पुस्तकं यंत्र मोठ्यानं वाचून दाखवायचं. ते दुकान कुडाळचे केळुसकर मास्तर चालवायचे. मास्तर स्वतः अंध होते.

"बाई, तुमच्या प्रकरणांची नावं तुम्ही चित्रात घातलीत," मास्तर म्हणाले. "आमचं यंत्र तिथं मुकं होतं."

द्वारकेनं हौसेनं काढलेली बावीस चित्रं होती ती, वेलबुट्टीसकट. तिनं बावीसच्या बावीस काढून टाकली आणि साधी अक्षरं घातली.

"आता पहिला भाग फुकट ठेवा," नसीरनं सुचवलं.

"फुकट?"

"चव आवडली की माणूस पुढचं विकत घेतोय की."

तेही तिनं केलं. खप एका दिवसात वाढला असं मी सांगणार नाही, कारण तो वाढला नाही. पहिल्या महिन्यात दुसऱ्या भागाच्या तीन प्रती गेल्या, पुढच्या महिन्यात अकरा. चौथ्या महिन्यात नसीरनं तिचं पुस्तक आपणहून दुकानाच्या दर्शनी भागात मांडलं. वर्ष संपेपर्यंत पाच लहान दुकानांतला खप मोठ्या बाजाराच्या बरोबरीला आला. वाचकांची पत्रं येऊ लागली. दुसऱ्या भागाच्या शेवटी रखमावर चोरीचा आळ येतो आणि ती नाहीशी होते. जो तो एकच विचारायचा, रखमा गेली कुठे? द्वारका तिसरा भाग लिहीतच होती.

आणि मग मोठ्या बाजाराचं पत्र आलं. तिसरा भाग आमच्याकडेच द्या. दिवाळीत पहिल्या रांगेत मांडू, जाहिरात करू. अट एकच. तिन्ही भाग वर्षभर दुसऱ्या कुठल्याही दुकानात दिसता कामा नयेत.

द्वारकेनं ते पत्र तीनदा वाचलं. बारा वर्षं ती पिठात बसून लिहीत आली होती. कुणीतरी मोठ्या माणसानं आपल्याला एकदा हाक मारावी, असं तिला फार वाटत असे आणि ती हाक आता आली होती. दामोदरनं आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं. "हो म्हण," तो म्हणाला. "तुझ्या कष्टाचं आहे हे. कुणाच्या उपकाराचं नाही."

तो खोटं बोलत नव्हता. द्वारकेनं नसीरला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"घ्या ताई," तो म्हणाला. "तुमचं नाव मोठं झालं तर आम्हाला आनंदच आहे."

"मनापासून म्हणताय?"

"मनापासून. फक्त एवढं सांगून ठेवा, आमच्याकडच्या लोकांना काय सांगू? रखमा सापडली का म्हणून रोज विचारतात."

नसीरचा फोन ठेवून द्वारकेनं कुडाळला फोन लावला. तिनं मास्तरांना विचारलं. मास्तर कमी बोलायचे. "बाई, माझ्या ऐकणाऱ्यांना त्या एवढ्या मोठ्या बाजारात वाट सापडत नाही," ते म्हणाले. "म्हणून तर मी हे दुकान काढलं. तुम्ही तुमचं बघा."

ती कॉम्प्युटरसमोर बसली. पहिली रांग तिला डोळ्यांसमोर दिसत होती. पण त्या रांगेत उभं राहायचं तर ज्यांनी दोन भाग मन लावून वाचले, ऐकले, त्यांच्या तोंडावर दार लावून घ्यायचं होतं. मग तिनं दोन ओळींचं उत्तर लिहिलं. 'माझं पुस्तक तुमच्याकडेही मिळेल. फक्त तुमच्याकडेच मिळणार नाही.' उत्तर पाठवल्यावर तिला रडू आलं. खोटं कशाला सांगू? पहिली रांग काही रोज दारात येत नाही.

दिवाळी आली. मोठ्या बाजारात पहिल्या रांगेत दुसऱ्यांची पुस्तकं झळकली. द्वारकेचं पुस्तक कुठेतरी मागे होतं. तिनं ते शोधून पाहिलं आणि तिच्या काळजात थोडं दुखलंच. पण त्याच दिवशी पानसुपारीचं दार उघडलं की समोर फक्त रखमा दिसत होती. परदेशातल्या मराठी माणसांच्या दुकानानं आपल्या एकूणएक वाचकांना पत्र धाडलं. केळुसकर मास्तरांनी जुन्या ऐकणाऱ्यांना स्वतः फोन करून सांगितलं, "आली हो तुमची रखमा." पंधरा दिवसांत त्या पाच दुकानांत तिसऱ्या भागाच्या जितक्या प्रती गेल्या, त्याच्या निम्म्याही मोठ्या बाजारात गेल्या नाहीत.

"ताई, दुकान काढल्यापासून इतकं कुठलंच पुस्तक खपलं नाही आमच्याकडं," नसीर फोनवर ओरडून सांगत होता.

"माझं तरी कुठे खपलं होतं?" द्वारका म्हणाली. तिचा ऊर भरून आला होता आणि ते तिनं लपवलं नाही.

त्यानंतर आठवड्याभरानं सकाळी गिरणीत गर्दी होती. रांगेत गावातल्याच गिरजाकाकू बसल्या होत्या. काकूंना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या लेकीनं त्यांना फोनवर कानगोष्टचं दुकान लावून दिलं होतं. फोन कानाला गच्च धरून, डोळे मिटून काकू ऐकत होत्या. ज्वारीचा डबा पुढे सरकवायचंही त्यांना भान नव्हतं.

"काकू, एवढं काय ऐकताय?" द्वारकेनं विचारलं.

"रखमा म्हनून एक बाई हाय. लई धीराची. चोरीचा आळ घेतलाय गं तिच्यावर. आता पंचांसमोर उभी ऱ्हायलीय बघ."

"लिहिलंय कुणी?"

"काय ठावं. आसंल कुनी पुन्या-मुंबैची शिकल्याली बाई. पर सांगती झ्याक."

द्वारकेनं पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं. "मी लिहिलंय, काकू."

काकूंनी डोळे उघडले आणि तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या.

"तू?"

"हो, मी."

"मंग ती गिरनी बंद कर आदी," काकू म्हणाल्या. "तुजी रखमा काय बोलतीया, त्ये ऐकू यीना झालंय मला."

इतक्या वर्षांत द्वारकेनं अर्ध्या दळणावर गिरणी कधी थांबवली नव्हती. तिनं बटण खाली केलं. पट्टा फिरत फिरत थांबला. काकूंनी फोनचा आवाज मोठा केला. बायका आपापल्या डब्यांवर बसल्या आणि पंचांसमोर ताठ उभी राहिलेली रखमा, आपल्यावरचा आळ एकेक पुराव्यानिशी खोडून काढत, कोरेगव्हाणच्या गिरणीत बोलू लागली.

तात्पर्य: लहान दारातून आलेल्या माणसालाही मोठ्या दारातल्याइतकंच जपावं. अशा जपलेल्या माणसांच्या मनात ज्याला जागा मिळते, त्यानं पहिल्या रांगेसाठी कुणाला दुखवू नये.