उताणी झाकणी

भांड्यांच्या त्या राज्यात प्रत्येक टोपाला एक झाकणी ठोकून बसवून देत, आणि तिने जन्मभर पालथंच राहावं असा रिवाज होता. झाकणी उताणी दिसली की टोप गेला असं समजून शेजारपाजार रडायला जमे. भात उतू गेला तर दोष झाकणीचा. मग तिच्या डोक्यावर दगड ठेवत. आता दगड ठेवला की भात आणखीच उतू जातो, हे कुठलीही पळी सांगेल. पण पळीला विचारतो कोण?

सांडशीचं कामच तापलेली भांडी धरायचं, त्यामुळे घरोघरचे चटके तिला ठाऊक. तिने नाटक लिहिलं. तिसऱ्या अंकात झाकणी टोपावरून उतरते आणि उताणी होते, एवढंच. काम करायला कुणी मिळेना. अखेर चंद्री नावाची झाकणी तयार झाली. तिच्या डोक्यावर तेव्हा दोन दगड होते.

"तिथे उताणी झालीस तर घरी येऊ नकोस," तिचा टोप म्हणाला. "थेट मोडीत जा."

"मोडीत डोक्यावर दगड तरी नसतात."

राज्यातल्या थोरल्या हंड्याने सांडशीला बोलावलं. "बाई, नाटक करा, आमची ना नाही. पण शेवटी तिला परत बसवा."

"बघू," सांडशी म्हणाली. गिऱ्हाईक 'बघू' म्हणालं की दुकानदार काय समजायचं ते समजतो. हंडा दुकानदार नव्हता; तो निश्चिंत झाला.

प्रयोगाला तुडुंब गर्दी. मंचावरच्या टोपात खराखुरा भात रटरटत होता. फेस कडेला आला तशी चंद्री उतरली आणि उताणी झाली. पुढच्या रांगेतल्या दोन परातींनी सवयीने गळा काढला.

"कोण गेलं?" हंडा उठून ओरडला.

"कुणी नाही, काका. बसा. मी जरा टेकलेय."

एक वाटी फिसकन हसली. मग सगळे भात उतू जायची वाट बघत राहिले. फेस चढला, काठाशी थबकला आणि खाली बसला. चंद्री परत चढली नाही. पडदा पडला.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. टोप उघडाच चुलीवर रटरटत होता, तरी चूल कोरडी होती. चंद्री चुलीशेजारी उताणी झाली. पळीने एक शीत काढून तिच्यात ठेवलं. इतकी वर्षं वाफेत काढूनही तिने टोपाचा भात उजेडात पाहिला नव्हता.

"शिजलाय का?" टोपाने विचारलं.

"अजून कणी आहे. थांब जरा."

तेवढ्यात भिंतीपलीकडच्या घरात चुलीशी काहीतरी धपकन पडलं. आवाज दगडाचा होता.