टिकलीचा शंख होडीत गेला

एक होती टिकली. खेकड्याचं पिल्लू. शंखात राहणारं.

केवढी होती? एवढीशी! वाटाण्याएवढी. पाठ मात्र मऊ मऊ, लोण्यासारखी. म्हणून तर तिला शंख लागायचा. शंख म्हणजे टिकलीचं घर. शंख म्हणजे टिकलीचं पांघरूण.

एकदा काय झालं? शंखात वाळू गेली. वाळू लागली टोचायला. टुच् टुच्! टिकलीने शंख काढला, झटकला आणि शेजारच्या दगडावर ठेवला. म्हणाली, "जरा पाय धुऊन येते."

पाय किती? दहा! दहा पाय धुवायचे म्हणजे वेळ लागणारच की.

पण तो दगड नव्हताच मुळी. ती होती पोशा नाखवाची होडी! तीन दिवस वाळूवर बसून होती, म्हणून टिकलीला वाटलं दगड. शहाणीच ती!

पाय धुता धुता पहाट झाली. डोंगराकडून मतलई वारा आला. तो रोज पहाटे येतो आणि होड्यांना समुद्रात नेतो. नाखवाने होडी लोटली. शीड फुगलं. फर्रर्र! होडी चालली. डुलुक डुलुक, डुलुक डुलुक. शंखही चालला.

मग मतलई वारा दमला आणि थांबला.

टिकली आली. बघते तर काय? दगड नाही. शंख नाही. घर नाही!

किनाऱ्यावर नाखवाची बायको हिराबाय जाळं पसरत होती. ती म्हणाली, "तुझा शंख? तो होडीतून गेला गो बाय!"

आणि माडावर बसला होता कावळा. काव! त्याने टिकलीची मऊ मऊ पाठ बघितली. टिकलीला भीती वाटली. खूप खूप भीती वाटली.

टिकली पाण्याच्या काठाशी धावली. तिरकी तिरकी, तुरु तुरु.

"नाखवा, ओ नाखवा! होडी परत आणा! माझा शंख मिळेना!"

लांबून नाखवा ओरडला, "कशी आणू गो? वारा पडलाय. शीड लोंबतंय. समुद्रावरून खारा वारा आला की येतो!"

माडावरचा कावळा खाली उतरला. काव!

टिकली गेली वाऱ्याकडे. तिरकी तिरकी, तुरु तुरु. खारा वारा समुद्रावर लोळत पडला होता.

"वारादादा, वारादादा!
होडी परतेना,
माझा शंख मिळेना!"

वारा म्हणाला, "ऊं हूं! आधी वाळू तापू दे. तापली की तिथली हवा वर जाईल. जागा रिकामी होईल. मग मी येईन. गर्दीत कोण घुसणार?"

कावळा एक उडी पुढे आला. टुण्!

टिकली गेली वाळूकडे. तिरकी तिरकी, तुरु तुरु. वाळू गार गार पडली होती.

"वाळूमावशी, वाळूमावशी!
वारा येईना,
होडी परतेना,
माझा शंख मिळेना!"

वाळू म्हणाली, "ऊं हूं! आधी ऊन दाट होऊ दे. असल्या पातळ उन्हात माझी कुडकूड जात नाही."

कावळा दोन उड्या पुढे आला. टुण् टुण्!

टिकली गेली उन्हाकडे. तिरकी तिरकी, तुरु तुरु. ऊन लांबच लांब पसरलं होतं.

"ऊनभाऊ, ऊनभाऊ!
वाळू तापेना,
वारा येईना,
होडी परतेना,
माझा शंख मिळेना!"

ऊन म्हणालं, "ऊं हूं! मी आता पडतोय तिरका, तुझ्या चालीसारखा. एवढ्याशा उन्हाने केवढी वाळू झाकायची? पेजेत पाणी वाढलं की पेज पातळ होते, तसं झालंय माझं. आधी सूर्य वर चढू दे. मग मी सरळ पडेन. दाट होईन."

कावळा तीन उड्या पुढे आला. टुण् टुण् टुण्!

टिकली वाळूच्या ढिगावर चढली. तिरकी तिरकी, तुरु तुरु. डोळे वर केले. मान नव्हती ना, म्हणून नुसते डोळेच वर केले!

"सूर्यआजोबा, सूर्यआजोबा!
ऊन दाटेना,
वाळू तापेना,
वारा येईना,
होडी परतेना,
माझा शंख मिळेना!"

सूर्य हसला. म्हणाला, "ऊं हूं! मी जागचा हलत नाही, बाळा. पृथ्वी फिरते, म्हणून मी चढल्यासारखा दिसतो. तिलाच सांग जा. तिला आधी फिरू दे."

"पृथ्वी कुठे राहते?"

"अगं, तू तिच्यावरच उभी आहेस की!"

कावळा चार उड्या पुढे आला. टुण् टुण् टुण् टुण्! आता तो अगदी जवळ होता. त्याची चोच काळी होती, लांब होती.

टिकलीला रडू आलं. पण ती रडत बसली नाही. तिने तोंड वाळूला लावलं आणि जोरात हाक मारली.

"पृथ्वीआजी, पृथ्वीआजी!
सूर्य चढेना,
ऊन दाटेना,
वाळू तापेना,
वारा येईना,
होडी परतेना,
माझा शंख मिळेना!"

खालून घुम्म घुम्म आवाज आला. "कोण गं ते? माझ्या पोटावर कोण तुरुतुरु करतंय?"

"मी टिकली. आजी, लवकर फिर ना!"

"लवकर? मी फिरते माझ्या चालीने. कधीची फिरतेय! तुला कळत नाही, कारण तूही माझ्याबरोबर फिरतेस."

"मग ऊन दाट का होत नाही?"

"होईल गं. तुझं नशीब चांगलं. तू आहेस माझ्या पोटाजवळ. इथे दुपारी ऊन सरळ पडतं. म्हणून इथे माड, इथे केळी, इथे तू. माझ्या डोक्यावर, तिथे वर टोकाला, दुपारीसुद्धा ऊन तिरकंच. म्हणून तिथे बर्फच बर्फ. तिथली पांढरी अस्वलं अंगभर केस वाढवून बसलीत. ती नाही करत कुरकुर."

"मी पण नाही करणार," टिकली म्हणाली. "पण मी काय करू?"

"मला घट्ट धर. घट्ट म्हणजे घट्ट! पाय रोव. खाली खाली जा. आणि सोडू नकोस."

टिकलीने पाय रोवले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा! खर्र खर्र खर्र. वाळूत गेली खाली. अजून खाली. तिथे ओलं होतं, गार होतं.

कावळा आला. काव! इकडे बघितलं. तिकडे बघितलं. "अरेच्चा! माझा खाऊ कुठे गेला?" तो वाळू टोचू लागला. टक् टक् टक्!

टिकली घाबरली. पण तिने पृथ्वीआजीला सोडलं नाही.

आणि मग?

पृथ्वी फिरली. गर्रर्र, गर्रर्र.
सूर्य चढला. वर वर वर.
ऊन दाटलं. घट्ट घट्ट.
वाळू तापली. चर्रर्र!

कावळ्याचे पाय पोळले. चट्! एक पाय उचलला. चट्! दुसरा पाय उचलला. दोन्ही पाय उचलून कोणी उभं राहतं का? नाही राहत! भुर्रकन उडाला तो. गेला माडावर, सावलीत, फुंकर घालत. फू फू फू! बरी खोड मोडली!

तापलेल्या वाळूवरची हवा वर गेली. जागा रिकामी झाली.

वारा आला. सूं सूं सूं.
शीड फुगलं. फर्रर्र!
होडी परतली. डुलुक डुलुक, डुलुक डुलुक.
किनाऱ्याला लागली. खर्रर्र!

नाखवा उतरला. म्हणाला, "हिरे, हे बघ गो! होडीवर तिचा शंख! पण ती कुठाय?"

हिराबाय म्हणाली, "ठेव खाली ओल्या वाळूत. तिचा तिला मिळेल."

नाखवाने शंख ठेवला. अलगद ठेवला, हं.

वाळूतून दोन डोळे वर आले. चमक् चमक्! मग दहा पाय वर आले. मग मऊ मऊ पाठ वर आली.

तिरकी तिरकी, तुरु तुरु, तुरु तुरु, तुरु तुरु...

सुळ्ळकन टिकली शंखात!

आत गार. आत अंधार. आत टिकली.

आणि टिकली आतून ओरडली, "हे माझं घर! हे माझं घर! हे माझं घर!"

घरवालीला मिळालं घर, आणि ऐकणाऱ्याला मिळाला पापा. कुठे देऊ? या गालावर की त्या गालावर?