गुळगुळीत इंजिन

"मग ही बाटली खोटी, असं म्हणायचंय का तुम्हाला, अप्पा?"

बसवंताने मोटारसायकल चालू ठेवूनच विचारलं. मठाच्या दारात सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं.

मल्लय्या अप्पा पायरीवर बसून उपरणं कमरेला गुंडाळत होते. "मी कुठं काय म्हटलं?" ते म्हणाले.

बसवंत हा अप्पांचा सगळ्यात हुशार शिष्य. हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस त्याने पंचक्रोशीत शिल्लक ठेवला नव्हता. त्या बाटलीतलं, घर्षण कमी करणारं कसलंसं औषध त्याने शहरातून आणून इंजिनच्या तेलात ओतलं होतं. तेव्हापासून गाडीची खडखड कमी झाली होती, निदान त्याला तरी तसं वाटत होतं. घर्षण म्हणजे झीज आणि झीज म्हणजे नाश, हे तो अप्पांना परोपरीने पटवत होता.

अप्पा ऐकत होते...

मग त्याने पोटातलं ओठावर आणलं. गंगाक्का.

गंगाक्का मठात भाकऱ्या भाजायची. प्रवचनाला भिंतीपाशी सूप घेऊन बसायची, आणि बसवंत रंगात आला की जोंधळे पाखडता पाखडता विचारायची, "हे तुमी सोता करून बघितलंय का?" लोक हसायचे. बसवंत पुढचं वाक्य विसरायचा. आज डोंगरावरच्या देवळात तो पहिल्यांदाच यात्रेतल्या लोकांपुढे बोलणार होता, आणि ही बाई पहाटेच भाकऱ्यांची पाटी घेऊन वरच्या वाटेला लागली होती.

त्याने मनाशी पक्कं केलं होतं. मठात एक तर ती राहील, नाहीतर तो.

"तिला लेकीकडे धाडा, अप्पा. मग बघा मठ कसा सुरळीत चालतो."

अप्पा उठले आणि मागच्या सीटवर बसले.

"चल. वर गेल्यावर सांगतो."

सपाटीला गाडी सुरेख पळाली. बसवंत सारखी मान वळवून विचारत होता, आवाज येतो का? अप्पा म्हणत होते, न्हाई बाबा, अजिबात न्हाई. त्याची छाती फुगत होती.

मग घाट लागला.

पहिल्याच उभ्या चढाला इंजिनचा आवाज वाढला आणि वेग मात्र उतरला. बसवंताने मूठ आणखी पिळली. इंजिन गरगर फिरू लागलं. गाडी जागच्या जागी.

अप्पा खाली उतरले. "इंजिन बिघडलं?"

"नाही. इंजिन झकास फिरतंय."

"मग चाक का फिरत न्हाई?"

बसवंत वाकून इंजिनकडे बघू लागला. इंजिनचा जोर चाकाला पोचवतात त्या क्लचच्या चकत्या. त्या एकमेकींना घट्ट धरतात, तेव्हा गाडी ओढली जाते. आणि या गाडीत त्या चकत्या इंजिनच्याच तेलात बुडालेल्या असतात. हे त्याला चांगलं ठाऊक होतं. खडखड घालवायच्या नादात ते त्याच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

"क्लच घसरतोय," तो पुटपुटला.

"म्हणजे औषध लागू पडलं की."

बसवंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो मागे फिरणारा गडी नव्हता. गाडी झाडाखाली लावून तो म्हणाला, चालत जाऊ, काही झालं तरी आज मी बोलणारच. अप्पांनी मान हलवली. जाताना पिशवीतली ती उरलेली बाटली तेवढी मागून घेतली.

पायवाटेवर एक उंच कातळ आडवा आला. बसवंत वर चढला आणि त्याने अप्पांसाठी हात खाली केला.

अप्पांनी बाटली उघडली. औषध तळहातावर ओतून नीट चोळलं, आणि हात वर दिला.

"ओढ."

हात सुटला. त्याने पुन्हा धरला, मग दोन्ही हातांनी धरला. पुन्हा सुटला. अप्पा शांतपणे हात वर करून उभे होते.

बसवंताने त्यांच्याकडे बघितलं. मग तो कातळावरून खाली उतरला. वाटेवरची भरड माती त्याने ओंजळीत घेतली आणि आधी अप्पांच्या, मग आपल्या तळव्यांना खसाखसा चोळली.

तो परत वर चढला. या वेळी पकड बसली. खडे तळव्यात रुतले, चांगलेच बोचले. त्याने पकड सोडली नाही.

अप्पा वर आले आणि धापा टाकत बसले.

वरच्या वळणावर गंगाक्का दिसत होती. डोक्यावर पाटी, चाल संथ. बसवंताने तिच्याकडे बघितलं.

"अप्पा," तो हळूच म्हणाला, "अक्काचं काय ठरवलंत?"

अप्पा हाताची माती झाडत म्हणाले,

"भिंतीपासनं उठव तिला. आजपासनं अगदी पुढं बसव, तुझ्या समोर."