फताडे पाय

पाखरांची पिल्लं बूट घालून शाळेत जायची, त्या काळातली ही गोष्ट. एक बदकीण आपल्या पिल्लाला घेऊन साळुंकीच्या दुकानात आली.

साळुंकीने एक जोड काढला. त्यात पिल्लाची बोटं शिरेनात. मोठा जोड दिला, तर तो टाचेतून निसटायला लागला.

"असू दे, वाढतं अंग आहे. पुढे कापूस कोंबू," बदकीण म्हणाली. पण पिल्लू दोन पावलं टाकून आपटलं. शेजारी कोंबडीच्या लेकीला मात्र पहिलाच जोड नीट बसला होता. ते पाहून बदकीण आणखी वैतागली.

"बोटं जवळ घे की जरा," ती पिल्लावर खेकसली. मग कोंबडीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "कुणावर गेलेत हे फताडे पाय, कोण जाणे."

निसटलेला जोड उचलायला साळुंकी वाकली. तिची नजर बाकाखाली, बदकिणीच्या पायांकडे गेली. कोंबडीनेही तिकडे पाहिलं. बदकिणीने मान खाली घातली आणि हळूच पाय पोटाखाली ओढून घेतले.

पिल्लू आईकडेच बघत होतं. मग त्यानेही आपले पाय पोटाखाली लपवले.