एकीच्या प्रार्थनेचा रस्सा

"नाना, देव ऐकतोय की नाही, ते एकदाचं सांगा!"

लूकनाना रश्शाच्या हंड्याखाली चुलीत लाकूड सरकवत होते. म्हातारा बहिरा नव्हता, सोयीनं व्हायचा.

"आठवडाभर एकीसाठी प्रार्थना चाललीय," पाळक प्रबोध साळवे म्हणाला. "आमचं दगडी चर्च, रोमन कॅथलिक लोक, पत्र्याच्या शेडात प्रार्थना करणारे शेडवाले. तिन्ही मंडळ्या एका मैदानात आणल्या मी. आणि बसतात कशा? तीन ढीग! मधून बैलगाडी जाईल."

"परवा गेली," नाना म्हणाले.

प्रबोधनं दात आवळले. लहानपणी याच म्हाताऱ्याच्या मांडीवर बसून तो बायबल शिकला होता. पुढं पुण्याला जाऊन पदवी आणली, गळ्यात पांढरी कॉलर आणली. ही प्रार्थनाही त्याचीच हौस. तिन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बजावलं होतं, आजचं प्रीतिभोजन गोडीनं पार पडलं तर पुढच्या वर्षी बघू. नाहीतर ज्यानं त्यानं आपापल्या दारात गुडघे टेकावेत.

"तू मागतोस काय रे देवाकडं?"

"एकी."

"म्हणजे?"

"म्हणजे... सगळ्यांना नीट समज यावी."

"कुणासारखी?"

प्रबोधनं गळ्यातली कॉलर सैल केली.

"तुझ्यासारखी?"

"...मग काय त्यांच्यासारखी?"

नाना खुदकन हसले. तेवढ्यात पंगतीत कुणीतरी थुंकलं. मग दुसरं. मग ताटं सरकवल्याचा आवाज.

रोमन चर्चचे फादर लोपीस रश्शाची वाटी घेऊन तरातरा आले. "अहो, मी वसईचा. समुद्राकाठी वाढलो. पण असलं खारं पाणी तिथंही नाही हो!"

मागून शेडवाल्यांच्या मार्थाबाई. "मी तर एकच मूठ टाकली बाई!"

"तुम्ही टाकलंत? मीठ मी टाकलं!" फादर म्हणाले.

प्रबोधचे कान तापले. त्यानंही टाकलं होतं. चांगली मोठी मूठ, कुणी बघत नाही असं बघून.

"नाना! तुम्हीच म्हणालात, मिठाचं तेवढं तू बघ, बाकीच्यांचा भरवसा नाही!"

"मलाही हेच म्हणाले!"

"अन् मला!"

"सगळ्यांनाच म्हणालो," नाना खुशीत म्हणाले. "गंमत बघा, सगळ्यांना पटलंसुद्धा."

त्या आठवड्यात पहिल्यांदाच तिघांच्या तोंडून एकदम एकच शब्द बाहेर पडला. तो इथं लिहिण्यासारखा नाही.

पंगत उठू लागली. बायका पोरांना ओढत निघाल्या, तीन दिशांना.

"संपलं," प्रबोध मटकन खाली बसला. "घालवलंत सगळं. तुमच्या एका चेष्टेपायी!"

"पाणी ओत. उकळी आली की होईल बरोबर."

"कुठंय पाणी? पिंप कोरडं ठाक पडलंय!"

नानांनी नुसती हनुवटी हलवली. समोर रोमन चर्चचं फाटक. आत विहीर.

प्रबोधचा चेहरा पडला. पहिल्याच दिवशी, शेवटचा आशीर्वाद कुणी द्यायचा यावरून तो सगळ्यांदेखत फादरांना म्हणाला होता, "तुमच्या फाटकात पाय ठेवणार नाही." आणि फादर म्हणाले होते, "नका ठेवू."

नानांनी तांब्याचं भलंमोठं घंगाळ ओढून काढलं. दोन्ही बाजूंना जाडजूड कड्या. ते प्रबोध आणि फादरांच्या मधोमध ठेवलं.

प्रबोधनं फादरांकडं बघितलं. फादर वाटीतल्या रश्शाकडं बघत होते.

"द्या इकडं! मी एकटा आणतो," प्रबोध वैतागून उठला. एका कडीला धरून त्यानं घंगाळ खांद्यावर मारलं आणि फाटकाकडं निघाला. दुसरी कडी पाठीवर खणखणत होती.

फाटकाशी तो थबकला. मग चप्पल काढली आणि पाय आत टाकला.

फादरांनी वाटी खाली ठेवली. ते त्या खणखणणाऱ्या कडीकडं बघत राहिले.

नाना चुलीपासून ओरडले, "ने, ने! रिकामं आहे तोवर ने एकटा!"