ताटीजवळचा दगड

“…पण तो आवाज बंद कसा करायचा, तेवढंच सांगा, अण्णा.”

“कुठला आवाज?”

“आतला. सारखा बोलत असतो. फळ्यावर आकडा चुकला, बोलतो. चहा सांडला, बोलतो. काही चुकलं नाही, तरी बोलतो.”

“काय म्हंतो?”

धनपाल मास्तरांनी मागं वळून रस्त्याकडं पाहिलं. कुणी नव्हतं.

“म्हणतो, गाढवा, तुला काही जमत नाही.”

नेमाण्णांनी मान डोलावली. ते लव्हाळ्याची पाती सोलून पाण्यात टाकत होते. विड्याच्या पानांच्या वेली झाडाला बांधायला अशी ओली पाती लागतात. दोघं पानमळ्याच्या बाहेर, ताटीजवळच्या दगडावर बसले होते. ताटी म्हणजे मळ्याचं बोरूचं दार. दगड मात्र दांडगा होता. एकट्या म्हाताऱ्याला बसायला एवढा दगड कशाला, असं मास्तरांना वाटून गेलं होतं.

नेमाण्णांनी आयुष्यात कुणाला शिष्य केलं नाही. कुणी पाया पडायला वाकलं की ते विचारायचे, “पानं किती पाहिजेत?” तरी लोक जायचे. पानं घेऊन यायचे आणि पुढं आठवडाभर जरा नीट वागायचे.

“काय काय करून बघितलं?”

“सगळं. पुस्तकं वाचली. शिबिराला गेलो. आरशासमोर उभं राहून रोज एकवीस वेळा ‘मी उत्तम आहे’ म्हणून पाहिलं.”

“मग?”

“आरशातल्याला पटलं नाही.”

नेमाण्णा हसले. मास्तर हसले नाहीत.

“खरं सांगू का, अण्णा? त्या आवाजामुळंच मी इथवर आलो. दहावीला गणितात माझा एक पोरगा नापास होत नाही. मी स्वतःला कधी माफ केलं नाही, म्हणून.” हे सांगताना त्यांची मान थोडी ताठ झाली होती.

“मग असू द्या की. कशाला घालवता?”

मास्तरांनी पाण्यातलं एक पातं उचललं, परत ठेवलं.

मग म्हणाले, “मला मुलगी आहे. सात वर्षांची. चंदना. परवा तिच्या हातून बशी फुटली. मी काही बोललो नाही. शप्पथ सांगतो, तिला मी कधीच बोलत नाही. मी नुसता केरसुणी आणायला उठलो…”

“मग?”

“तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाली, ‘गाढव, तुला काही जमत नाही.’ अगदी माझ्यासारखी म्हणाली, अण्णा. सूरसुद्धा माझाच.”

नेमाण्णांचा हात पाण्यात तसाच राहिला.

“लवकर कानावर आलं तुमच्या,” ते म्हणाले. “मला कळलं तवा माझ्या लेकाला मिशा फुटल्या होत्या.”

मास्तर पुढं काही ऐकायला मिळेल म्हणून थांबले. पण नेमाण्णा उठले होते.

“उद्यापासून सकाळी या. शाळेच्या आधी. वेली बांधायच्यात.”

“आणि आवाजाचं?”

“वेली बांधायच्यात.”

दुसऱ्या दिवशी मास्तर उजाडता उजाडता हजर. नेमाण्णांनी ताटीजवळ त्यांना थांबवलं.

“चपला भाईर. शिवी भाईर. दोनच नियम. वेल नाजूक असती, तिला शिवी सोसत न्हाई.”

“मी शिव्या देत नाही, अण्णा.”

ते खरं होतं. नोकरीच्या पंधरा वर्षांत त्यांनी एकाही पोराला साधं मूर्ख म्हटलं नव्हतं.

“बरं हाय. पण गेलीच तोंडातनं, तर भाईर यायचं. चपला घालायच्या. दगडावर बसायचं. मग चपला काढून, पाय धुवून परत आत.”

“बसून काय करायचं?”

“काय न्हाई. उनात बसायचं.”

मळ्यात गार होतं. शेवरीच्या झाडांवर वेली चढलेल्या होत्या आणि कुठूनही पाहिलं तरी पानंच दिसत होती. नेमाण्णांनी दाखवलं तसं मास्तरांनी पातं घेतलं, वेल झाडाला लावली, गाठ मारली. घट्ट मारली. गणिताचा माणूस, गाठ सुटलेली त्यांना खपणार नव्हती. शेंडा कट्कन मोडला.

“गाढवा!” मास्तर म्हणाले.

“भाईर,” पलीकडच्या ओळीतून नेमाण्णा म्हणाले.

“अहो, मी कुणाला शिवी दिली?”

“दिलीत की.”

“मी मलाच म्हणालो!”

“मग? तुम्ही मळ्यात न्हाई का?”

मास्तर बाहेर गेले. चपला घातल्या. बसले. चपला काढल्या. पाय धुतले. आत आले. तिसऱ्या वेलीला पुन्हा तेच. पाचव्या वेलीला, “नालायक, एक गाठ मारता येत नाही!” पुन्हा बाहेर. त्या सकाळी ते मळ्यात कमी आणि दगडावर जास्त होते. एकदा तर दगडावर बसल्या बसल्याच म्हणाले, “साधं गप्प राहायलाही जमत नाही तुला, गाढवा!”

आतून आवाज आला, “आता आनी जरा बसा.”

शाळेला उशीर झाला. मास्तर मुख्याध्यापकांसमोर उभे राहिले तेव्हा त्यांचे पाय ओले होते.

पण ते येत राहिले. गाढवासारखे राबण्याची सवय होतीच, फक्त आता तसं म्हणायची सोय नव्हती. रोज बाहेर जायचे, रोज पाय धुवायचे. हळूहळू बोटांना गाठ कळली. वेल झाडाला टेकली पाहिजे, पण तिला वाढायला जागा राहिली पाहिजे. सैल बांधायला मास्तरांना सगळ्यात जास्त दिवस लागले.

एकदा पानं खुडता खुडता नेमाण्णांनी विचारलं, “ह्ये बेणं कुठलं?”

मास्तरांना वाटलं, वेलीचं विचारतायत. नवी वेल लावायची तर जुन्या वेलीचा तुकडाच लावतात, त्याला बेणं म्हणतात. “मला काय माहीत, अण्णा? मळा तुमचा.”

“वेलीचं न्हाई. तुमच्या त्या शब्दांचं. कुणाच्यातलं आणलं?”

मास्तरांनी हातातलं पान उलटं केलं, सुलटं केलं…

“वडील सुतार होते,” ते म्हणाले. “करवत वाकडी गेली की म्हणायचे. मला नाही हं. मला कधी एक शब्द बोलले नाहीत. स्वतःलाच म्हणायचे. मी शेजारी भुशात खेळत असायचो.”

“आनी त्यास्नी कुणी दिलं?”

“ते… मी कधी विचारलं नाही.”

वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांनी केलेलं टेबल अजून घरात होतं आणि त्याचा एकही पाय डुगडुगत नव्हता. एवढं चांगलं टेबल करणारा माणूस जन्मभर स्वतःला गाढव म्हणत गेला, याचं मास्तरांना त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं.

दीडेक महिना गेला असेल. एका सकाळी मास्तर तोंडभर हसत नेमाण्णांकडं आले.

“अण्णा, आज एकदाही बाहेर गेलो नाही.”

“ऐकलं न्हाई खरं मी बी.”

“जिंकलो म्हणायचं?”

“मनात?”

मास्तरांचं हसू थोडं उतरलं. “मनात येतं. पण मनातलं कुणाला ऐकू येतंय? मी तोंडातून जाऊ देत नाही.”

नेमाण्णांनी शेजारच्या वेलीचं एक पान बोटांत धरलं. खालून वरून नीट पाहिलं.

“वेलीला तरी कान कुठं हायत, मास्तर?”

मास्तर ताटीकडं चालू लागले.

इथून पुढचे दिवस अवघड गेले. मनातल्या शब्दाला “भाईर” म्हणणारं कुणी नव्हतं. शब्द मनात उठायचा आणि मास्तरांचं मास्तरांनीच हातातलं पातं खाली ठेवून निघायचं. कधी निघायचे. कधी ‘एवढी ओळ होऊ दे’ म्हणून टाळायचे आणि त्या ओळीच्या गाठी हमखास आवळल्या जायच्या. शब्द पुरता तयार व्हायच्या आतच, ‘गा’ म्हणताच ओळखू येऊ लागला. ओळखीच्या पाहुण्यासारखा. मास्तर त्याला घेऊन बाहेर जायचे, दोघं उन्हात बसायचे. तो कधी लवकर जायचा, कधी वेळ लावायचा. भांडण मात्र होत नव्हतं.

दगडावर बसून बसून एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. नेमाण्णा गावात जात नसत. पानं न्यायला व्यापारी इथंच यायचा, दळण सून पोचवायची. झोपडी मळ्याला लागून होती. तरी ताटीजवळच्या त्यांच्या चपलांच्या टाचा झिजून आरपार झाल्या होत्या आणि अंगठे तीनदा शिवलेले होते. मास्तरांना हे गणित सुटेना.

“अण्णा, तुम्ही कुठं जात नाही, मग चपला एवढ्या झिजल्या कशानं?”

“जुन्या हायत,” नेमाण्णा म्हणाले आणि पानं मोजू लागले.

त्या रविवारी मास्तर चंदनाला घेऊन आले. तिनंच हट्ट धरला होता. पप्पा रोज सकाळी ओल्या पायांनी घरी येतात आणि हल्ली चहा सांडला तर नुसतं “अरेच्चा” म्हणतात, हा मळा काय आहे, ते तिला बघायचं होतं.

नेमाण्णांनी तिलाही दोन नियम सांगितले. तिनं मान हलवली. चपला काढून पप्पांच्या चपलांशेजारी नीट लावल्या. “मी शिव्या देत नाही, आजोबा,” ती म्हणाली.

नेमाण्णांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी जमिनीकडं.

तिला एक बुटकी वेल दिली. जीभ बाहेर काढून, एक डोळा बारीक करून तिनं पातं गुंडाळलं. चांगलं गुंडाळलं. पण बापाचीच लेक, गाठ सुटायला नको म्हणून जोरात ओढली.

कट्कन शेंडा मोडला.

चंदनाचा चेहरा उतरला. तिचा हात वर गेला आणि कपाळावर बसला. “गाढव,” ती म्हणाली, “तुला काही जमत नाही.”



मास्तरांनी नेमाण्णांकडं पाहिलं. आता ते म्हणतील, भाईर. नेमाण्णा काहीच म्हणाले नाहीत. मोडलेला शेंडा त्यांनी खाली वाकून उचलला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला.

मास्तरांनी हातातलं पातं खाली ठेवलं. लेकीचं बोट धरलं. दोघं वेलींमधून चालत ताटीबाहेर आले. मास्तरांनी तिच्या पायांत चपला घातल्या, मग स्वतःच्या घातल्या. दोघं दगडावर बसले. ऊन कोवळं होतं.

चंदनाचे डोळे भरले होते. “पप्पा, चुकलं माझं. तुम्ही कशाला बाहेर आलात?”

“ते शब्द माझे आहेत, चंदू.”

“तुमचे?”

“माझे. तू माझ्याकडून उचललेस. मी माझ्या पप्पांकडून.”

तिनं यावर जरा विचार केला. नाक पुसलं.

“आता काय करायचं?”

“काही नाही. उन्हात बसायचं.”

“मग?”

“मग पाय धुवून आत जायचं. दुसरी वेल बांधायची.”

“आणि परत म्हटलं तर?”

“परत बाहेर यायचं.”

“आणि परत म्हटलं तर?”

“परत.”

“असं किती वेळा, पप्पा?”

पंधरा वर्षं मास्तरांनी पोरांना उत्तरं काढायला शिकवलं होतं. लेकीला देण्यासारखा एकही आकडा त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी तिला जवळ ओढलं. आपण तिला फार मोठं ओझं दिलं, असं त्यांना वाटलं. ‘गा’ मनात उठला. त्यांनी तो ओळखला आणि बसू दिला.

मागं ताटी करकरली.

नेमाण्णा बाहेर आले. सावकाश वाकले. त्या झिजलेल्या चपला ओढून घेतल्या आणि एकेक करून पायांत घातल्या.

“काही हवं होतं का, अण्णा? मी आणतो ना.” मास्तर उठू लागले.

नेमाण्णांनी मानेनंच नको म्हटलं. ते दगडापाशी येऊन उभे राहिले.

चंदना त्यांच्या चपलांकडं बघत होती. मग तिनं मान वर केली.

“आजोबा… तुम्हीपण?”

“सरका जरा,” नेमाण्णा म्हणाले, “मलाबी बसू द्या.”